नॅसचा पत्ता बदलायचाय आणि मोळी पडायला बारा दिवस राहिलेत

काट्यावरचा (मूळ प्रश्न)

मंडळी, आधी परिस्थिती सांगतो, मग शिव्या घाला.

एका सहकारी साखर कारखान्यात आयटी बघतो. विभाग म्हणजे मी आणि एक कंत्राटी पोरगा. टोनर बदलण्यापासून गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत सगळीकडे तोच धावतो. गेल्या आठवड्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, बारा दिवसांनी गव्हाणीत मोळी टाकायची ठरलंय. एकदा मोळी पडली की चार-पाच महिने सर्व्हरला हात लावायची सोय नाही. वजनकाटा रात्रंदिवस चालतो. तो वीस मिनिटं थांबला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर रस्त्यावर येते, अर्ध्या तासानं शेती अधिकाऱ्यांचा फोन येतो, आणि त्यानंतर ज्यांचे फोन येतात त्यांच्याशी मी उभं राहूनच बोलतो.

आता सामान. तीन जुने सर्व्हर, तिन्हींवर प्रॉक्समॉक्स ८ (एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली), क्लस्टर केलेला, म्हणजे तिन्ही एकत्र बांधलेले. एक नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फायली ठेवणारा नेटवर्कवरचा डबा. चौदा व्हीएम (आभासी संगणक), सगळ्यांच्या डिस्क नॅसवर एनएफएसनं (नेटवर्कवरून फायली वापरायची रीत), क्यूकाऊ-टू प्रकारच्या फायली. त्यातला १०३ नंबर म्हणजे काट्याचा डेटाबेस, विंडोज सर्व्हर. बाकी ऊसनोंद, तोडणी-वाहतुकीची बिलं, पगार, स्टोअर असं.

नेटवर्क म्हणजे एकच मोठं पटांगण. १९२.१६८.१ मध्ये नॅस, सर्व्हर, कॅमेरे, हजेरीची यंत्रं, संचालक मंडळाच्या हॉलचं वायफाय, सगळे एकाच पंगतीला. मागच्या हंगामात रात्री दोनला बॅकअप सुरू झाला की काट्यावर पावती निघायला आठ-दहा सेकंद लागायचे. जानेवारीच्या थंडीत ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला दहा सेकंद किती वाटतात, ते काट्याच्या खिडकीत बसल्याशिवाय कळत नाही.

म्हणून यंदा भांडून टेन-जी (दहा गिगाबिट वेगाचा) स्विच आणि कार्डं मंजूर करून घेतली. बेत असा की स्टोरेजची वाट वेगळी करायची. नॅसचा आत्ताचा पत्ता १९२.१६८.१.५०. नव्या कार्डावर त्याला १०.१०.५०.१० दिलाय. नोडना, म्हणजे तिन्ही सर्व्हरना, १०.१०.५०.२१, २२, २३. जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी डेटाची पाकिटं) सगळीकडे चालू, एमटीयू (पाकिटाचं कमाल माप) ९०००.

रविवारी करून बघितलं. जुन्या स्टोरेजचं नाव 'नॅस-व्हीएम'. त्यात सर्व्हरचा पत्ता बदलायला गेलो तर वेबवरच्या चौकटीत तो रकानाच राखाडी, बदलता येत नाही. मग नव्या पत्त्यानं, त्याच एक्सपोर्टवर (नॅसनं वापरायला दिलेल्या फोल्डरवर), 'नॅस-टेनजी' नावाचं दुसरं स्टोरेज जोडलं. जोडलं गेलं! फायलींची यादी दिसली. मी पोराला म्हटलं चहा सांग.

चहा येईपर्यंत खेळ खलास. टेस्टचा व्हीएम त्याच्यावरून चालू केला तर विंडोजचा लोगो आला, खाली ठिपके फिरायला लागले आणि फिरतच राहिले. नोडवर जाऊन डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारलं तर तेही अडकलं, कंट्रोल-सी दाबून बोट दुखलं. थोड्या वेळानं त्या नोडवरच्या सगळ्या व्हीएमच्या पुढे राखाडी प्रश्नचिन्हं. चालू होते सगळे, पण दिसायला प्रश्नचिन्ह. शेवटी नोड रिबूट करून सगळं जुन्यावर आणलं.

विचारायचं ते एवढंच: यादी दिसते, मग व्हीएम का अडकतो? पत्ता बदलायची खरी रीत काय? आणि चौदाही व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये हातानं बदल करावे लागणार का?

---

रूट_पुणे

दोन्ही टोकांना ९०००, मध्ये स्विच १५०० वर. पैज लावतो.

नोडवरून नॅसला साधा पिंग नको. तुकडे करायला मनाई करून पिंग करा: पिंग, हायफन एम डू, हायफन एस ८९७२, पुढे पत्ता. ८९७२ अधिक २८ हेडर, बरोबर ९०००. मग १४७२ नं करून बघा. छोटा गेला आणि मोठा गेला नाही, की माझी मिसळ.

---

क्लाउडकुमार

मला वाटतं एनएफएसच्या ऑप्शनमध्ये सॉफ्ट टाकावं आणि टाइमआउट कमी करावा. म्हणजे नॅस गेला तरी नोड अडकत नाही, एरर देऊन मोकळा होतो. आमच्याकडे वेबसर्व्हरवर असंच आहे, काही त्रास नाही.

---

जुना_टेपवाला

काट्यावरचे दादा, आधी क्लाउडकुमारांचं ऐकू नका. (रागावू नका हो.) वेबसर्व्हरवर फोटो ठेवायला सॉफ्ट ठीक असेल. व्हीएमच्या डिस्कखाली सॉफ्ट लावणं म्हणजे नॅस दोन मिनिटं गप्प बसला की पाहुण्याला, म्हणजे गेस्टला, 'तुझी डिस्क खराब झाली' असं खोटं सांगणं. लिनक्स असेल तर फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होते. डेटाबेस असेल तर अर्धवट लिहिलेलं काय उरेल ते देव जाणे. हार्ड माउंटला (माउंट म्हणजे नॅसचं फोल्डर नोडला जोडणं) नॅस परत येईपर्यंत सगळं थांबतं, तुमचं डीएफ अडकलं तसं. ते बघायला वाईट वाटतं, पण ते थांबणं तुमच्या बाजूचं आहे. ऊस उतरवणारा माणूस काटा बंद दिसला की उभा राहतो, अंदाजानं वजन लिहून पुढे जात नाही. तसंच.

एमटीयूबद्दल रूट_पुणे बरोबर असावेत. यादी दिसते कारण यादी छोटी असते, पाच-पंचवीस फायलींची नावं एका लहान पाकिटात मावतात. माउंट करायचा निरोपही छोटाच. विंडोज सुरू होताना मात्र मोठे तुकडे मागतं. दोन्ही टोकांनी टीसीपी जोडताना 'मी ९००० घेतो', 'मीही' असं ठरवलेलं असतं, त्यामुळे नॅस मोठी फ्रेम पाठवतो आणि मधला स्विच ती गुपचूप टाकून देतो. कोणाला कळवतही नाही. नॅस तीच फ्रेम परत पाठवतो, स्विच परत टाकतो. तुमचे ठिपके त्यामुळे फिरत होते. एकाच टोकाला ९००० असतं तर उलट चाललं असतं, कारण जोडतानाच दोघं लहान मापावर आले असते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही रविवारी केलंत त्यातलं सगळ्यात धोक्याचं म्हणजे दुसरं स्टोरेज जोडणं. तुमच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही. एकाच एक्सपोर्टला दोन नावं. प्रॉक्समॉक्स असं धरून चालतो की प्रत्येक डिस्कचं नाव जगात एकच आहे. तुमच्याकडे काट्याची एकच फाइल 'नॅस-व्हीएम' मध्येही दिसते आणि 'नॅस-टेनजी' मध्येही. कोणी डिस्क रिस्कॅन केलं की दुसऱ्या नावानं आलेली तीच डिस्क व्हीएमखाली 'अनयूज्ड' म्हणून लटकते. मग एखादा नीटनेटका माणूस ती 'वापरात नसलेली' डिस्क साफ करायला जातो. पुढचं मी सांगत नाही.

ते 'नॅस-टेनजी' आजच काढा. डेटासेंटर, स्टोरेज, रिमूव्ह. घाबरू नका, ही फक्त नोंद जाते, फायलींना धक्का लागत नाही. माउंट मात्र आपोआप सुटत नाही, ते तिन्ही नोडवर हातानं सोडवायचं.

चौदा व्हीएमच्या कॉन्फिगला हात लावायची गरजच नाही. कुठल्याही व्हीएमची कॉन्फिग फाइल उघडून बघा. डिस्कच्या ओळीत आयपी सापडणार नाही, तिथे 'नॅस-व्हीएम' हे स्टोरेजचं नाव, मग कोलन, मग फाइल असं लिहिलेलं असतं. पत्ता फक्त एका ठिकाणी आहे: /ईटीसी/पीव्हीई/ मधल्या स्टोरेज डॉट सीएफजी मध्ये. ती फाइल क्लस्टरभर एकच, एका नोडवर बदलली की तिन्हीकडे बदलते. वेबवर रकाना राखाडी आहे कारण चालू स्टोरेजखालचा पत्ता कोणी खेळता खेळता बदलू नये. फाइलमधून बदलता येतो.

रीत अशी. (कमांड मुद्दाम देवनागरीत लिहितोय, म्हणजे वाचून, समजून, स्वतः टाइप कराल. कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी माझे बरेच शनिवार खाल्लेत.)

त्या स्टोरेजवरचे सगळे व्हीएम बंद. मग पीव्हीईएसएम सेट नॅस-व्हीएम, दोन हायफन डिसेबल १. हे न करता माउंट सोडवलंत तर पीव्हीईस्टॅटडी (प्रॉक्समॉक्सची पाळत ठेवणारी सेवा) दहा-एक सेकंदांनी येऊन जुन्याच पत्त्यानं परत माउंट करून ठेवतो आणि तुम्हाला वाटतं भूत आहे. मग प्रत्येक नोडवर यूमाउंट. फाइलची एक प्रत बाजूला ठेवून सर्व्हरची ओळ बदला. डिसेबल ०. मग फाइंडमाउंट करून प्रत्येक नोडवर डोळ्यांनी बघा की सोर्सच्या रकान्यात १०.१०.५०.१० आहे. मगच व्हीएम.

त्याआधी नॅसवर जाऊन एनएफएसच्या परवानगीच्या यादीत नोडचे नवे तीन पत्ते घातलेत ना, ते बघा. आणि रूट स्क्वॉश बंद आहे का तेही. प्रॉक्समॉक्स रूट (सर्वाधिकारी) म्हणून लिहितो, नॅसनं त्याला सामान्य माणूस केलं तर यादी दिसेल आणि लिहिता येणार नाही.

कोरोसिंक (नोड एकमेकांना 'जिवंत आहे' कळवतात ती सेवा) या नव्या जाळ्यावर आणू नका. क्लस्टरच्या हृदयाचे ठोके बॅकअपच्या लोंढ्यात अडकले की एचए (पडलेला व्हीएम आपोआप परत उभा करणारी सोय) वाटेल त्या नोडला मेलेला समजून झोपवतो. ते जुन्या तारेवरच राहू दे.

---

काट्यावरचा

टेपवाले काका, वाचताना घाम फुटला. 'नॅस-टेनजी' काढलं. तीन नोडवर माउंट सोडवलं. आमचा पोरगा नीटनेटकाच आहे, त्याला मी अजून सांगितलेलं नाही तो कशातून वाचला.

एक शंका. सर्व्हरच्या जागी आयपीऐवजी नाव टाकलं, म्हणजे 'नॅस.कारखाना' असं काही, तर पुढच्या वेळी हा प्रकारच नको ना?

आणि दुसरी. व्हीएम बंद न करता काही होतं का? चालू व्हीएमची डिस्क हलवता येते असं ऐकलंय.

---

जुना_टेपवाला

नाव टाका, पण एक प्रश्न: तुमचा डीएनएस, नावावरून पत्ता सांगणारा, कुठे आहे?

---

काट्यावरचा

...१०१ नंबरच्या व्हीएमवर. जो नॅसवर आहे.

---

जुना_टेपवाला

वीज गेली, सगळं एकदम चढलं, नॅस शोधायला डीएनएस पाहिजे आणि डीएनएस चढायला नॅस पाहिजे. दोघं एकमेकांची वाट बघत बसतील, तुम्ही दोघांची. नाव वापरायचं तर तिन्ही नोडच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहा, डीएनएसच्या भरवशावर नको. तीन ओळींचा प्रश्न आहे.

चालू व्हीएमची डिस्क हलते. क्यूएम डिस्क मूव्ह. क्यूएमू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) डिस्कची नक्कल करत जातो, तोवर गेस्टनं जे नवीन लिहिलं तेही दोन्हीकडे लिहितो, आणि बरोबरी झाली की उडी मारतो. काट्याच्या माणसाला कळतही नाही. पण त्यासाठी जागा खरोखर वेगळी हवी. एकाच एक्सपोर्टच्या दोन नावांमध्ये हलवणं म्हणजे त्याच डब्यातून त्याच डब्यात ओतणं.

नोडच्या स्वतःच्या एसएसडीवर जागा असेल तर १०३ तात्पुरता तिथे आणून मग नव्या वाटेनं परत नेता येईल. स्नॅपशॉट (डिस्कच्या जुन्या अवस्थेच्या नोंदी) असतील तर ते आधी काढा, नाहीतर स्नॅपशॉट असलेली डिस्क हलवून मूळ पुसता येत नाही असं सांगून तो अडून बसतो. आणि तोवर त्या व्हीएमला एचएचा उपयोग नाही, नोड गेला तर डिस्क त्याच्याबरोबर गेली.

मला विचाराल तर मोळीआधी चाळीस मिनिटं मागून घ्या आणि सगळं बंद करून करा. हंगाम चालू असता तर मी दुसरं सांगितलं असतं.

---

मांडवीकाठची

पणजीहून. प्रॉक्समॉक्सवाले नशीबवान आहात हो. आमच्याकडे हॉटेलांच्या एका समूहाचं काम आहे आणि ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची तशीच प्रणाली). तिथे एनएफएस डेटास्टोअरची ओळख पत्ता आणि पाथ मिळून बनते. पत्ता बदलला की तो नवाच डेटास्टोअर, आणि सगळे व्हीएम 'इनॲक्सेसिबल'. एकेक अनरजिस्टर करून परत रजिस्टर करत बसा.

माझ्याआधीच्या गृहस्थांनी एका होस्टवर आयपीनं माउंट केलेलं, दुसऱ्यावर नावानं. तोच नॅस, तेच फोल्डर, पण दोन्ही होस्टना दोन वेगळे डेटास्टोअर वाटायचे. एकावर शेवटी स्लॅश होता, एकावर नव्हता, तेही मोजलं जातं. मला हे कळायला एक गणेशचतुर्थी गेली. घरात पाहुणे, मी लॅपटॉपवर.

आणि रजिस्टर करून पहिल्यांदा चालू करताना तो विचारतो, हलवलाय की कॉपी केलाय. 'कॉपी केलाय' दाबलं की नवा यूयूआयडी (व्हीएमचा ओळख क्रमांक), नवा मॅक (नेटवर्क कार्डाचा क्रमांक). मग डीएचसीपीत (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेत) राखून ठेवलेला पत्ता मिळत नाही आणि लोक म्हणतात नेटवर्क गेलं. 'हलवलाय' दाबायचं. मी चिठ्ठी करून मॉनिटरला चिकटवलीय.

---

रूट_पुणे

पिंगचं काय झालं? मिसळीचं बघायचंय.

---

काट्यावरचा

जिंकलात. पण अर्धेच.

नोड एक आणि दोनवरून ८९७२ चा पिंग नुसता गप्प. उत्तर नाही, एरर नाही, १०० टक्के लॉस. १४७२ चा टकाटक. स्विचमध्ये जाऊन बघितलं तर जम्बो 'एनेबल्ड', सेव्हही केलेलं. वैतागून मॅन्युअल काढलं. त्यात एका कोपऱ्यात, ही सेटिंग रिबूटनंतर लागू होते. स्विच लावल्यापासून रिबूटच केला नव्हता. केला. दोन्ही नोड पास.

नोड तीन अजून नापास, पण वेगळ्या प्रकारे. तिथे पिंगनं लगेच उत्तर दिलं: लोकल एरर, मेसेज टू लाँग, एमटीयू १५००. हा फरक मला आवडला. गप्प बसला तर वाटेत कोणीतरी खातोय. आणि 'लोकल' म्हणून लगेच ओरडला तर दोष आपल्याच घरात. बघितलं तर नोड तीनवर पोरानं ब्रिजखालच्या (ब्रिज म्हणजे नोडमधला आभासी स्विच) खऱ्या कार्डाला ९००० दिलंच नव्हतं. वेगळं माप न दिलेला ब्रिज आपल्या सगळ्यात लहान मेंबरच्या मापावर येतो. कार्डाला दिलं, झालं.

मिसळ कोल्हापुरात खायला या. पुण्यात येऊन पुण्याची मिसळ खायला घालणार नाही.

---

जुना_टेपवाला

छान. आता बदलायच्या आधी एक काम करा. एक वही घ्या आणि १९२.१६८.१.५० हा आकडा आणखी कोणाकोणाला माहीत आहे ते लिहा. प्रॉक्समॉक्स सोडून. गेस्टच्या आत कोणी थेट नॅसचं शेअर जोडलंय का, कोणाच्या एफस्टॅबमध्ये (चालू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) आहे का, स्कॅनर कुठे फायली टाकतो.

हे का सांगतोय तर माझी स्वतःची शेण खाल्लेली गोष्ट. एका पतसंस्थेत बॅकअपसाठी मी नॅस प्रॉक्समॉक्सच्या एनएफएस प्रकारानं न जोडता एफस्टॅबमधून एका फोल्डरवर चढवला आणि ते फोल्डर 'डिरेक्टरी' स्टोरेज म्हणून दिलं. शहाणपण होतं माझं. नॅसचा पत्ता बदलला, एफस्टॅब विसरलो. रिबूटनंतर माउंट झालंच नाही, पण फोल्डर तर होतंच! बॅकअप आनंदानं त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे नोडच्या स्वतःच्या मुख्य (रूट) डिस्कवर, उतरत राहिला. रोज सकाळी मेल: बॅकअप यशस्वी. तिसऱ्या रात्री रूट शंभर टक्के भरलं आणि नोडला लॉग लिहायलाही जागा उरली नाही.

त्याहून वाईट पुढे. मी नॅस परत त्याच फोल्डरवर माउंट केला आणि त्या बॅकअप फायली दिसेनाश्या झाल्या. डीएफ म्हणे रूट भरलंय, डीयू म्हणे काहीच नाही. फायली माउंटच्या खाली दबलेल्या. रूटला दुसऱ्या एका फोल्डरवर बाइंड माउंट केल्यावर खालचं घबाड दिसलं. डिरेक्टरी स्टोरेजला 'इज माउंटपॉइंट' नावाचा पर्याय आहे, तो लावला असता तर माउंट नसताना स्टोरेजच बंद दिसलं असतं. एक ओळ. मला ती ओळ तेव्हा माहीत नव्हती.

---

काट्यावरचा

वही केली. बारा नावं निघाली! शेतकी विभागाचा स्कॅनर सातबारा उतारे थेट नॅसवर टाकतो, १९२.१६८.१.५० वर. पगाराच्या व्हीएममध्ये एक ड्राइव्ह त्याच पत्त्यानं. दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. शेवटी ठरवलं की नॅसचा जुना पत्ता जुन्या तारेवर तसाच ठेवायचा, कार्यालयाची शेअर तिथून. एनएफएस मात्र फक्त नव्या वाटेनं, परवानगीच्या यादीतून नोडचे जुने पत्ते काढूनच टाकायचे. म्हणजे चुकून कोणी जुन्या वाटेनं व्हीएमच्या डिस्ककडे जाऊ शकणार नाही.

रविवारी पहाटे सहाला करतोय. चाळीस मिनिटं लेखी मागितली, साठ मिळाली. साहेबांना चाळीस हा आकडा संशयास्पद वाटला म्हणे.

---

काट्यावरचा

झालं. पण एक गंमत सांगायलाच हवी.

तेरा व्हीएम वेबवरून शटडाउन केले. १०३ मात्र मी नेहमी आतून बंद करतो. रिमोटनं विंडोजमध्ये जायचं, डेटाबेसची सर्व्हिस हातानं थांबवायची, मग स्टार्ट, शटडाउन. दोन हंगामांची सवय. बंद झाला, पडदा काळा, मी पुढच्या कामाला.

शेवटचे दोन व्हीएम रेंगाळत होते, विंडोजचे अपडेट. ते बंद होईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली. मग स्टोरेज डिसेबल. नोड एकवर यूमाउंट, गेलं. तीनवर गेलं. नोड दोनवर: टार्गेट इज बिझी.

परत. बिझी. घड्याळ सहा वाजून बावीस मिनिटं. पोरगा म्हणतो, सर, आळशी यूमाउंट करू का, हायफन एल? (हे त्यानं नेटवर वाचलेलं.) हात धरला त्याचा. फ्यूजर लावून बघितलं कोण बसलंय, तर केव्हीएमची, म्हणजे व्हीएम चालवणारी, एक प्रोसेस. पीएसमध्ये तिची लांबलचक ओळ काढली, त्यात हायफन आयडी १०३.

१०३? तो तर मी स्वतःच्या हातानं बंद केलेला!

मग आठवलं. १०३ एचएमध्ये आहे. एचएला सांगितलेलं आहे की हा चालू राहिला पाहिजे. मी आतून बंद केला, एचएला वाटलं बिचारा पडला, त्यानं उचलून परत उभा केला. वेबवरून शटडाउन केला असता तर एचएला कळलं असतं की मालकालाच बंद हवाय. रिमोट उघडून बघितलं तर विंडोज लॉगिनच्या पडद्यावर, डेटाबेस सुरू, नवरदेवासारखा तयार. आळशी यूमाउंट केलं असतं तर जुन्या वाटेला लटकलेला व्हीएम तसाच चालू राहिला असता आणि मी वर नवी वाट चढवली असती. एक फाइल, दोन रस्ते, आणि तीही काट्याची.

स्टोरेज परत एनेबल केलं, १०३ वेबवरून नीट बंद केला, एचएमध्ये अवस्था 'स्टॉप्ड' झाली ते डोळ्यांनी बघितलं, मग परत डिसेबल. या वेळी यूमाउंट पहिल्या फटक्यात. स्टोरेज डॉट सीएफजीतली एक ओळ बदलली. एक ओळ! एनेबल. तिन्ही नोडवर फाइंडमाउंट, तिन्हीकडे १०.१०.५०.१०. आधी १०१, मग १०३, मग बाकीचे. सहा सत्तेचाळीसला काट्याच्या बाबूंना चाचणीचं वजन करायला सांगितलं. ट्रॅक्टर नव्हता, तर बाबू स्वतः काट्यावर उभे राहिले. काटा वीस किलोच्या टप्प्यानं मोजतो, ८० दाखवलं. ते म्हणाले जरा जास्तच दाखवतोय, ते आमच्या हातात नाही.

कालच मोळी पडली. रात्री मुद्दाम दोनला काट्यावर जाऊन बसलो. बॅकअपला पूर्वीइतकाच वेळ लागतो, कारण तो ज्या जुन्या डब्यावर जातो तो डबा तसाच आहे. पण पावती खिडकीतून माणसानं हात पुढे करायच्या आत बाहेर येते.

आज सकाळी सुरक्षा विभागाचा माणूस आला होता. म्हणे तुमच्या नव्या फास्ट स्विचात पोर्ट रिकामे दिसतायत, यार्डातले चार कॅमेरे लावू का. रिकाम्या पोर्टांवर चिकटपट्टी मारलीय आणि रॅकची किल्ली घरी आणलीय.